देवीची राहाटी आणि देवीची वाट

श्री देवीच्या कृपेने आणि आपणां सर्व ग्रामस्थांच्या व मुंबईकर चाकरमानी बंधु-भगिनींच्या सढळ हातामुळे मंदिराचा जीर्णोद्धार निर्विघ्नपणे पार पडला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासाविषयी चार ओळी लिहाव्यात, असे समितीने मला सांगितले. मी तालुका कचेरीतला साधा कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. इतिहासाचा अभ्यासक नव्हे. मात्र नोकरीमुळे जुनी दप्तरे हाताळण्याचा योग आला आणि त्या धुळीतच वाचनाची गोडी लागली. मंदिराचा, मूर्तीचा आणि मानपानाचा इतिहास याच अंकात जाणत्या मंडळींनी लिहिला आहे. म्हणून मी मंदिराच्या भोवतीच्या राहाटीविषयी लिहितो. कारण या जीर्णोद्धारात सर्वांत मोठा वाद झाला तो दगड-विटांवरून नव्हे, तर झाडांवरून.

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कामाची जुळवाजुळव चालली होती तेव्हा समितीच्या बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली सूचना अशी की, राहाटीतील काही जुने ऐन आणि किंजळ तोडून त्यांच्या लाकडात मंडपाचे काम करावे आणि उरलेले विकून निधीत भर घालावी. दुसरी सूचना अशी की, राहाटीच्या कडेपासून थेट देवळाच्या दारापर्यंत चारचाकी जाईल असा रस्ता करावा आणि दाराशी गाड्या लावण्यापुरती जागा मोकळी करावी. सूचना करणारे कोणी परके नव्हते. ते देवीचेच भक्त होते आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता. मी स्वतः दुसऱ्या सूचनेच्या बाजूने हात वर केला होता, हे येथे लपवून ठेवीत नाही. माझ्या आईचे गुडघे गेले आहेत. तीन शिमगे तिला देवीचे दर्शन झाले नव्हते. आईला गाडीतून दारापर्यंत नेता येईल, एवढाच विचार माझ्या मनात होता.

बैठकीत असे ठरले की, आधी जागेचे कागद पाहावेत. ते काम साहजिकच माझ्याकडे आले. कागद पाहता पाहता जे कळले, ते आपणांपुढे ठेवतो.

आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत देवाच्या नावाने राखलेल्या रानाला देवरहाटी म्हणतात. घाटावर त्याला देवराई म्हणतात. रान तेच, नाव निराळे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अशा राया शेकड्यांनी आहेत. १९७० च्या दशकात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी गावोगाव हिंडून त्यांची पाहणी केली आणि इतरत्र दुर्मिळ झालेली झाडे व वेली या रायांत टिकून आहेत, ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने जगापुढे मांडली. आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट शास्त्राविना ठाऊक होती. राहाटीतली सातवीण, काजरा, बकुळ, नागचाफा, हात पुरणार नाही एवढ्या बुंध्याची बेहड्याची झाडे आणि या झाडावरून त्या झाडावर झोपाळ्यासारखी गेलेली गारंबीची वेल आपण लहानपणापासून पाहत आलो. धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो, हेही आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ढोली जुन्या झाडालाच असते. जुने झाड गेले की धनेशाचे घर गेले.

पाण्याचेही तसेच. आपल्याकडे पाऊस वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास पडतो, तरी वैशाखात विहिरी तळ गाठतात. कारण उघड्या कातळावर पडलेले पाणी थेट समुद्राकडे धावते. राहाटीत पाचोळ्याचा जाड थर असतो. त्यात पाणी मुरते आणि हळूहळू झऱ्याला येते. देवळाखालच्या झऱ्यावर खालच्या वाडीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरत आली, ती या पाचोळ्याच्या जिवावर.

राहाटीचा जुना नियम फार सोपा होता. तो कोठे लिहिलेला नव्हता, पण सर्वांना पाठ होता. आत यावे, देवीला गाऱ्हाणे घालावे, झऱ्याचे पाणी प्यावे. पण कोयता लावू नये. वाळलेली काटकीसुद्धा घरी नेऊ नये. देवकार्यासाठी लाकूड लागलेच तर बारा-पाच मानकऱ्यांनी जमावे, गुरवाकरवी देवीचा कौल घ्यावा आणि कौल मिळाला तरच तेवढेच लाकूड काढावे. म्हणजे राहाटी माणसांना बंद नव्हती. ती माणसांच्या हावेला बंद होती. येणे सर्वांचे, नेणे कोणाचेच नाही, असा तो कायदा होता.

झाडांविषयीचा हा विचार केवळ देवापुरता नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्वतंत्र ताकीद आहे. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती जबरदस्तीने तोडू नयेत. एखादे जीर्ण झालेले झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्याला गलबते बांधायची होती, लाकडाची निकड होती, तरीही हा विवेक सुटला नव्हता.

पुढे इंग्रजी अंमल आला आणि रानाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला, १८७८ साली दुसरा अधिक कडक कायदा झाला आणि १९२७ साली झालेला कायदा दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. या कायद्यांनी राखीव आणि संरक्षित असे जंगलाचे दोन मुख्य वर्ग पाडले. कचेरीत आम्हांला त्यातला भेद असा सांगतात : राखीव जंगलात परवानगी दिली असेल तेवढेच करता येते, संरक्षित जंगलात मनाई केली असेल तेवढे सोडून बाकीचे करता येते. कागदावर भेद सोपा वाटतो. पण ज्या रानात बापजाद्यांनी गुरे चारली, सरपण आणले, त्याच रानात पाऊल टाकणे एका रात्रीत गुन्हा ठरले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हालांविषयी लिहिताना जंगल खात्यावर कडक टीका केली, ती याच कारणाने. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की, १८८५ साली सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

या असंतोषाचा भडका १९३० साली उडाला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे गवत कापून जंगलचा कायदा मोडला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या रानात सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि सत्याग्रही धारातीर्थी पडले. त्याच दिवशी त्या ठिकाणी हजर असलेले मामलेदारही गोळी लागून मरण पावले. मी कचेरीतला माणूस असल्याने ही नोंद वाचताना अंगावर काटा आला. एका बाजूला रान मागणारी माणसे आणि दुसऱ्या बाजूला कायद्याचा कागद हातात घेतलेला अंमलदार. दोघेही याच मातीतले, आणि दोघेही गेले.

याच १९३० सालात आणखी एक सत्याग्रह झाला होता. २ मार्च रोजी नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारापाशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांनी प्रवेश मागितला. तो प्रवेश त्या वेळी मिळाला नाही. एकाच वर्षात या महाराष्ट्रात माणसे जंगलाच्या दाराशीही उभी होती आणि देवळाच्या दाराशीही. म्हणून ‘येणे सर्वांचे’ असे मी वर लिहिले ते दुरुस्त करून वाचावे. आपल्या राहाटीतही एके काळी काही वाड्यांना वडाच्या पारापुढे येऊ देत नसत, आणि स्त्रियांना ठराविक दिवसांखेरीज मनाई होती. गावातील वृद्धांनी हे मला सांगितले, आणि सांगताना त्यांनी मान खाली घातली. १९५६ साली सर्व हिंदूंना सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा हक्क देणारा कायदा मुंबई राज्यात झाला. जुने ते सारेच सोने नव्हते. राहाटी राखण्याचा नियम चांगला होता, परंतु कोणी यावे याचा हिशेब खोटा होता. आज आपण पहिला नियम ठेवला आहे आणि दुसरा हिशेब कायमचा पुसला आहे, हे या स्मरणिकेत नमूद व्हावे असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे थोडक्यात सांगतो. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९८० साली वनसंवर्धन कायदा झाला आणि वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरण्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी आवश्यक झाली. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे नावही बदलले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जमिनीची मालकी कोणाचीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे वन आहे ते वनच समजावे. सात-बाराचा उतारा पाहताना माझ्यापुढे हाच प्रश्न आला. आपल्या राहाटीच्या उताऱ्यावर मालक म्हणून सरकारचे नाव आहे आणि शेऱ्यात ‘देवरहाटी’ असे लिहिले आहे. म्हणजे जागा सरकारची, वहिवाट देवीची आणि राखण गावाची. तिघांपैकी एकट्याला काही ठरवता येत नाही.

हा उतारा मी बैठकीत वाचून दाखवला तेव्हा एक गृहस्थ रागावून म्हणाले, “म्हणजे आमच्या देवीकडे जायलाही आता आम्ही अर्ज करायचा काय?” त्यांचा राग मला पटला. १९३० सालच्या माणसांचा रागही हाच होता. जी माणसे रान राखत आली त्यांनाच चोर समजून बाहेर ठेवले, तर रान टिकत नाही, कारण राखणाराच उरत नाही. हे सरकारलाही पुढे पटले. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याने परंपरेने वनावर अवलंबून असणाऱ्या गावांना सामूहिक वनाचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. या कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा रान सांभाळते आणि त्यातील बांबूचे उत्पन्नही घेते. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देवराया, ज्यांना तिकडे ओरण म्हणतात, त्यांची पाहणी करून त्यांना संरक्षण देण्याचा आदेश त्या राज्याला दिला, आणि राखणदारीत गावाचा वाटा असावा हेही मानले.

परंतु दार उघडले की सर्व प्रश्न सुटले, असेही नाही. भीमाशंकरचे उदाहरण घ्या. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक स्थान. देवळाच्या बांधकामात नाना फडणवीसांचा वाटा आहे. भोवतालचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सुमारे १३० चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत पसरले आहे. आपला राज्यप्राणी शेकरू तेथे आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तेथे जी गर्दी लोटते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. मी एका श्रावण सोमवारी गेलो होतो. परतताना पायऱ्यांच्या कडेला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मोजू लागलो आणि मोजणे सोडून दिले. प्रत्येकाने भक्तीने आणलेली एकेक बाटली होती ती. तरीही तेथे एक गोष्ट घेण्यासारखी दिसली. गाडी देवळाच्या दारात जात नाही. गाडी वर ठेवून लहानथोर सर्वजण पायऱ्या उतरून देवाकडे जातात, आणि त्याने कोणाची भक्ती कमी होत नाही.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचीही हकीकत बोधप्रद आहे. २०१२ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला आणि फुलांच्या हंगामात माणसांचा पूर लोटला. फुले पायदळी जाऊ लागली. तेव्हा येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आली, शुल्क आले, गाड्या लांब ठेवण्यात आल्या आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे आली. त्याचा उपयोग झाला. परंतु पठाराला कुंपणही घातले होते. त्यामुळे गुरांचे चरणे थांबले. चरणे थांबल्याने गवत माजते आणि फुलांना जागा राहत नाही, अशी शंका अभ्यासकांनीच घेतली. शेवटी ते कुंपण काढण्यात आले. म्हणजे माणसे मोकाट सोडली तरी रान बिघडते आणि दार घट्ट लावले तरीही बिघडू शकते. मधली वाट शोधावी लागते, आणि ती प्रत्येक गावाला आपल्या पायांनीच शोधावी लागते.

आपली वाट कशी सापडली ते सांगून लेख संपवतो. दुसऱ्या बैठकीच्या आदल्या रात्री मी हे सारे घरी जेवताना बोलत होतो. आई ऐकत होती. मध्येच म्हणाली, “माझे गुडघे गेले, तिचां रान कशाक तोडतास?” एवढेच बोलून ती आत गेली. ज्या आईचे नाव पुढे करून मी रस्ता मागत होतो, तिनेच तो नाकारला. दुसऱ्या दिवशी मी बैठकीत माझा वर केलेला हात परत घेतला.

त्यानंतर चर्चा शांतपणे झाली. गुरवांनी परंपरेप्रमाणे कौलही लावला. तो काय आला हे सर्वांना ठाऊक आहेच. एक झाड तोडायचे नाही, असे ठरले. मंडपाचे लाकूड वखारीतून रीतसर विकत आणले. त्यामुळे खर्च वाढला आणि मंडप मूळ आराखड्यापेक्षा लहान झाला. देऊळ जुन्या जोत्यावरच उभे केले, एक हातही पुढे सरकवले नाही. महसूल आणि वन या दोन्ही कचेऱ्यांत लेखी अर्ज केले, आणि त्यापायी काम एक पावसाळा लांबले. जी पायवाट होती तिच्यावरच जांभ्याच्या रुंद, कमी उंचीच्या पायऱ्या बसवल्या. एका बाजूला धरायला लोखंडी नळी लावली आणि दर थोड्या अंतरावर टेकायला कट्टा केला. वाट जेथे झाडाच्या मुळाशी येते तेथे मूळ न तोडता वाटच वळवली. गाड्या शाळेजवळच्या मोकळ्या जागेत ठेवायच्या. ज्यांना चालवत नाही अशा वृद्धांना व आजाऱ्यांना उत्सवाच्या दिवशी खुर्चीची डोली करून तरुण मंडळाची मुले नेतील.

रस्त्यासाठी मोठी रक्कम देऊ केलेल्या एका देणगीदारांना हा निर्णय रुचला नव्हता, आणि त्यांनी देणगीचा विचार काही महिने थांबवला होता. पायऱ्या बांधून झाल्यावर ते मुंबईहून आले, एकटेच चालत देवळापर्यंत गेले, बराच वेळ झऱ्याकाठी बसले आणि जाताना पायऱ्यांचा खर्च देऊन गेले. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने छापलेले नाही.

प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी माझी आई डोलीत बसून देवीकडे गेली. वाटेत तिने दोनदा डोली थांबवायला लावली. पोरांना वाटले, तिला त्रास होतो आहे. ती वर पाहत होती. गारंबीची वेल अजून तिथेच आहे काय, हे तिला पाहायचे होते.

आता सर्व भाविकांना हात जोडून विनंती. आपण राहाटीत अवश्य यावे, लेकराबाळांना घेऊन यावे, झाडांची नावे त्यांना सांगावीत. हार-फुलांबरोबर आलेला प्लास्टिकचा कागद आपल्याबरोबर परत न्यावा. झऱ्यात निर्माल्य टाकू नये. झाडाच्या खोडावर नाव कोरू नये किंवा खिळा ठोकू नये. ध्वनिक्षेपक मंडपापुरताच ठेवावा, रात्री बंद करावा. ग्रामसभेने राहाटीच्या राखणीचा सामूहिक हक्क रीतसर मागावा, अशी माझी सूचना आहे. तीन पिढ्यांच्या वहिवाटीचे पुरावे लागतात आणि ते सांगणारी वृद्ध माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांचे जबाब आताच लिहून घ्यावेत. कागद करण्याचे काम मी आनंदाने करीन.

देऊळ आपण बांधले, त्यावर देणगीदारांची नावे आहेत आणि ती असावीतच. राहाटी मात्र कोणी बांधली नाही. ज्यांनी ती राखली त्यांचे नाव कोठेही कोरलेले नाही. त्यांनी एवढेच केले की, हातात कोयता असताना तो उगारला नाही.

लेखनात काही चूक झाली असल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. श्री देवी सर्वांचे कल्याण करो.